सव्वा घर पुढे

गेल्या जानेवारीत माझ्या हातून गुन्हा झाला.
अत-बाशीच्या शाळेतली एकेचाळीस मुलं
बर्फात उभी केली, सूर्य त्यांच्या पाठीशी,
आणि फोटोत बर्फ आला चुलीतल्या राखेसारखा,
चेहरे तव्याच्या बुडासारखे.
आयांनी पैसे दिले. काही बोलल्या नाहीत.
न बोललेलं आमच्या खोऱ्यात फार स्पष्ट ऐकू येतं.

फक्त झिपारच्या नवऱ्यानं येकातेरिनबुर्गहून,
गोदामातल्या जेवणाच्या सुट्टीत, फोन केला:
"बुरुल्चा-एजे, यातला माझा कुठला?"

मग उन्हाळाभर मी यंत्राशी भांडले.
अंगणात चादरी वाळत घातल्या,
त्यांच्यापुढे शेजारणीचं काळं शिंगरू उभं केलं,
पन्नासदा टिपलं, पन्नासदा पुसलं.
कळलं ते एवढंच:
कॅमेऱ्याला वाटतं, जग सरासरी करडं असतं.
मेंढरू, माती, माणूस कालवून होईल तो रंग,
तेवढाच त्याचा विश्वास.
समोर पांढरं पसरलं की तो बिचकतो,
इतका उजेड खरा नसणार म्हणतो
आणि डोळे बारीक करतो.
शिक्षा करायला जातो बर्फाला,
मार खातं पोर.

यंदा चाक फिरवलंय अधिकच्या बाजूला,
सव्वा घर पुढे.
दीडवर बर्फ फाटतो, पांढरं भोक पडतं;
एकावर गाल अजून उपाशी.
सव्वा.

बॅटरी काखेत, लोकरीच्या आत,
आजारी कोकरासारखी.
भिंगावर फुंकर नाही.
कॅमेरा शेगडीपाशी न्यायचा नाही,
मी मात्र जाऊन येते.

मुलांना सूर्याकडे तोंड करायला लावत नाही आता.
डोळे चोळणारी एकेचाळीस मुलं
कुणाला हवी असतात?
पाठ उन्हाला, कानांच्या पाळ्या लालभडक पेटलेल्या,
आणि खालून बर्फ
हनुवटीखाली उजेडाची ओंजळ धरून.
उरलेली सावली घालवायला
कालिचाबाई भूगोलाचा नकाशा उलटा धरतात.
तो ज्या देशाचा, तो देश नाही राहिला;
पाठ अजून पांढरी आहे.
"थोडा वर," मी म्हणते. "अजून. डावीकडे."
बाईंचे हात थरथरतात,
आणि मुलाच्या डोळ्यांत दोन छोट्या खिडक्या हलतात.

नुरदोलोत शेवटी आला.
पुढचे दोन दात पडलेले,
ओठ बटव्यासारखे आवळलेले.
हस, असं मी कुणालाच सांगत नाही.
विचारलं, "कुत्र्याचं नाव काय?"
बराच वेळ त्यानं माझ्या बुटांकडे पाहिलं.
मग म्हणाला, "शामाल,"
आणि ते नाव वाफ होऊन
त्याच्याच तोंडावर आलं.
मी थांबले.
बोटांना बोटं असल्याचं कळेनासं झालं होतं.
वाफ विरताना तो तिच्याकडे बघत होता,
शामालच पळत गेल्यासारखा,
आणि मग तोंडातली ती काळी खिंडार उघडून हसला.

खट्.

पापण्यांवरचं दव दिसतं.
नाकाखाली वाळलेली रेघ दिसते, ती मी पुसली नाही.
बर्फ बर्फासारखा आहे.

रात्री झिपारच्या हाती फोटो पाठवला,
पैसे नकोत म्हणून कळवलं,
जुना फाडून टाका, असंही.

उत्तर पहाटे आलं, तिकडची पाळी सुटल्यावर.
"हा मिळाला. दात कधी पडले?
जुना नाही फाडणार.
भिंतीवर लावलाय, पलंगाच्या डोक्याशी.
फेब्रुवारीत सापडला मला तो त्यात,
मागच्या रांगेत, उजवीकडून चौथा.
एका बुटाची नाडी सुटलेली."

मी जुनी प्रत काढून खिडकीशी नेली.
मागची रांग. उजवीकडून चौथा.
राखेत एक काळा ठिपका, त्याच्या पायाशी
केसाएवढी काळी रेघ.

बाहेर पुन्हा पडायला लागला होता.